तक्ता एक सांगतो, टाकी दुसरंच करते

ॲसिड झिंकच्या टाकीच्या तळाशी रोज काही ना काही माल पडतोच. रॅकच्या हुकावरून निसटलेला बोल्ट, बॅरलच्या भोकातून सरकलेला वॉशर, कधी अख्खा ब्रॅकेट. सोल्युशन क्लोराईडचं, पीएच पाचच्या आसपास; त्यात पडलेलं लोखंड गुपचूप विरघळत राहतं. म्हणून जाणता सुपरवायझर शिफ्ट संपताना दोरीला चुंबक बांधून तळ झाडून घेतो. त्यात आळस झाला की थोड्याच दिवसांत माल बोलायला लागतो. टाकीतून चकचकीत निघालेला जॉब पातळ नायट्रिकमध्ये बुडवला की कडा काळवंडतात आणि पॅसिव्हेशननंतर त्याच कडांवर तपकिरी डाग उठतात. मग हायड्रोजन पेरॉक्साईड पातळ करून, ढवळत ढवळत सोडायचं. फेरस लोखंडाचं फेरिक होतं, गंजाच्या रंगाचा गाळ धरतो, तो फिल्टरने काढायचा. पेरॉक्साईड घाईने ओतलं तर लोखंडाबरोबर ब्राइटनरचाही निकाल लागतो, आणि ब्राइटनर काही स्वस्त येत नाही.

आता त्याच शेडमधली पलीकडची टाकी बघा. ही कॉस्टिकची. हिच्यात लोखंड कॅनमधून विकत आणून, मोजून घालतात. प्रयोगशाळा ते नेमाने तपासते आणि कमी भरलं तर ओरड होते, कारण लोखंड उतरलं की काळं पॅसिव्हेशन नीट काळं होत नाही. एका टाकीतून ज्याला हाकलायचं, त्यालाच दुसरीत मानाने बसवायचं. जस्त आणि लोखंड एकाच विजेच्या प्रवाहात, एकाच पृष्ठभागावर, एकाच वेळी कसे बसतात, हा या पुस्तकाचा विषय. शेडमधल्या माणसाला तो रोज भेटतो आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो सहसा भेटतच नाही, ही मला जाचणारी गोष्ट आहे.

विद्यार्थ्याला काय भेटतं? दहावीत क्रियाशीलता श्रेणी भेटते. तिच्यात जस्त वर, लोखंड खाली. पुढे बी.एस्सी.ला तीच श्रेणी आकडे लेवून येते : जस्ताचं प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४. अर्थ सरळ आहे. जस्ताला आयन होऊन द्रावणात जायची हौस जास्त, लोखंडाला धातू होऊन बाहेर यायची. दोघांचे क्षार एकाच भांड्यात विरघळवले, कॅथोड बुडवला आणि विभव हळूहळू खाली नेलं, तर आधी लोखंड बसायला हवं. जस्ताची पाळी त्यानंतर ०.३२ व्होल्टनी. हा फरक लहान वाटतो, पण दोन इलेक्ट्रॉनांच्या हिशेबात नर्न्स्टच्या समीकरणातून तो काढला तर समतोलातल्या प्रमाणात दहाचा अकरावा घात येतो. म्हणजे तक्त्याच्या मते ही स्पर्धाच नव्हे.

प्रत्यक्षात जस्त आणि लोखंडाचे आयन निम्मे निम्मे असलेल्या साध्या क्लोराईड किंवा सल्फेटच्या बाथमध्ये, कारखान्यात वापरतात तेवढा करंट दिला, तर थरात जस्तच फार जास्त निघतं. लोखंड असतं, पण वाट्यापेक्षा कितीतरी कमी. ज्याने आधी यायचं तो मागे राहतो, आणि ज्याला जबरदस्तीने बसवावं लागेल असं तक्ता म्हणतो तो पुढे घुसतो.

फॅरेडेकडे जाऊन उपयोग नाही, हे आधीच सांगतो. १८३३-३४ मध्ये मांडलेले त्याचे नियम एकूण हिशेब चोख देतात. एक अँपिअर करंट तासभर दिला तर १.२२ ग्रॅम जस्त किंवा १.०४ ग्रॅम लोखंड बसेल. चौरस डेसिमीटरला दोन अँपिअर दिले आणि सगळा करंट जस्तालाच लागला, तर आठ मायक्रॉनचा थर चौदा मिनिटांत होईल. पण करंटचा किती हिस्सा जस्ताकडे गेला, किती लोखंडाकडे, किती हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात वाया गेला, यावर फॅरेडे गप्प असतो. मजुरी किती वाटायची हे तो सांगतो, कोणाला किती ते सांगत नाही. आपल्याला नेमकं ते ‘कोणाला किती’ हवं आहे.

दोन धातू एकत्र बसवण्याची कला तशी जुनी. पितळेचं विलेपन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आलं आहे. तांबं आणि जस्त यांच्या प्रमाण विभवांत तब्बल १.१ व्होल्टचं अंतर आहे. साध्या क्षारांच्या द्रावणातून पितळ बसवायला गेलात तर तांबंच बसेल. जुन्या कारागिरांनी त्यावर सायनाईडचा तोडगा काढला. सायनाईड तांब्याच्या आयनांना इतकं घट्ट धरतं की त्याचं विभव घसरत घसरत जस्ताच्या जवळ येतं, आणि मग दोघं शेजारी शेजारी बसतात. तोडगा जीवघेणा विषारी होता, पण तर्क स्वच्छ होता : अंतर मिटवा म्हणजे दोघं एकत्र येतील. मिश्रधातूच्या विलेपनाचं सगळं शहाणपण बराच काळ या एका तर्कावर उभं होतं. जस्त-लोखंडाच्या जोडीने त्याला धक्का दिला. इथे कोणी अंतर मिटवलेलं नाही, आणि तरीही दोघं एकत्र बसतात, शिवाय उलट्या क्रमाने.

हा उलटा क्रम नीट मांडून दाखवण्याचं श्रेय ॲब्नर ब्रेनर यांना द्यायला हवं. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधले हे रसायनतज्ज्ञ. ग्रेस रिडेल यांच्यासोबत त्यांनी विजेशिवाय निकेल बसवण्याची पद्धत शोधली, म्हणून प्लेटिंगवाल्यांना त्यांचं नाव ठाऊक असतं. १९६३ साली त्यांचा मिश्रधातूंच्या विद्युतविलेपनावरचा दोन खंडांचा ग्रंथ आला. त्यात त्यांनी तोवरचं सारं विखुरलेलं काम गोळा केलं आणि धातूंच्या जोड्यांचे पाच वर्ग पाडले. एका वर्गात तक्त्याप्रमाणे वागणाऱ्या जोड्या. एका वर्गात टंगस्टनसारखे धातू, जे पाण्यातून एकटे बसतच नाहीत, पण लोखंड, निकेल किंवा कोबाल्टची सोबत मिळाली की बसतात. आणि एका वर्गात, ज्याला आपण या पुस्तकात ‘विपरीत सहनिक्षेपण’ म्हणणार आहोत, तक्त्याला न जुमानणाऱ्या जोड्या. यातल्या बहुतेक जोड्यांत लोहगटाचा एक तरी धातू असतो : जस्त-लोखंड, जस्त-कोबाल्ट, जस्त-निकेल, लोखंड-निकेल.

ब्रेनर यांची आलेख काढायची रीत मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. आडव्या अक्षावर द्रावणातलं लोखंडाचं शेकडा प्रमाण, उभ्या अक्षावर थरातलं, आणि मधून एक तिरपी रेघ जिच्यावर दोन्ही प्रमाणं सारखी. आपली टाकी रेघेच्या वर बसते की खाली, एवढं बघायचं. तक्ता खरा मानला तर जस्त-लोखंडाचे बिंदू रेघेच्या वर हवेत. ते खाली मिळतात. वाचकाने हा आलेख आपल्या टाकीसाठी एकदा तरी हाताने काढावा. संगणकावरचा चालेल, पण हाताने काढलेला जास्त लक्षात राहतो.

मग हे घडतं का? पहिलं नावाजलेलं उत्तर १९६५ मध्ये डाम्स आणि क्रॉल यांनी दिलं, आणि गंमत म्हणजे ते जस्ताबद्दल नव्हतंच. ते लोखंड-निकेलवर काम करत होते. त्यांचं म्हणणं असं : कॅथोडवर धातूबरोबर हायड्रोजनही सुटतो. त्यामुळे पृष्ठभागाला चिकटून असलेल्या पातळ थरात हायड्रोजन आयन संपत जातात आणि पीएच चढतो. बाकी टाकीचा पीएच तीन किंवा पाच असेना का, पृष्ठभागावर तो इतका वाढतो की धातूचं हायड्रॉक्साईड बनू लागतं. ज्या धातूचं हायड्रॉक्साईड आधी बनतं, तो त्या पडद्याआडून बसत राहतो, आणि दुसऱ्या धातूच्या आयनांना मात्र तोच पडदा अडवतो. जस्त-लोखंडाला हे लावलं तर बसतं, कारण जस्ताचं हायड्रॉक्साईड फेरस हायड्रॉक्साईडपेक्षा थोड्या कमी पीएचला साका धरतं. म्हणून पडदा जस्ताचा आणि अडतं लोखंड.

हे उत्तर देखणं आहे आणि म्हणूनच ते पाठ्यपुस्तकांत चिकटून बसलं. माझ्या मते गरजेपेक्षा जास्त चिकटलं. त्याच्यावरचे आक्षेप साधे आहेत. हायड्रोजन जवळजवळ सुटतच नाही, म्हणजे करंटचा बहुतेक सगळा हिस्सा धातूला लागतो, अशा परिस्थितीतही विपरीत क्रम दिसतो; मग पीएच चढवणार कोण? पुढे लोकांनी पृष्ठभागाजवळचा पीएच प्रत्यक्ष मोजायची साधनं बनवली. आयबीएममध्ये देलिजियानी आणि रोमांकिव यांनी १९९३ मध्ये फिरत्या इलेक्ट्रोडने अशी मोजमापं प्रसिद्ध केली. पीएच चढतो हे खरं, पण हायड्रॉक्साईडचा साका धरण्याइतका तो दर वेळी चढत नाही. आयबीएमला यात रस का, तर संगणकाच्या डिस्कवर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडसाठी त्यांना पर्मलॉय, म्हणजे साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के लोखंड, अगदी नेमक्या प्रमाणात बसवायचं होतं. प्रमाण जरा ढळलं की चुंबकीय गुण बिघडत.

त्या लोखंड-निकेलच्या जोडीतच एक गोष्ट दडली आहे जी मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटते. निकेलचं विभव उणे ०.२५ च्या आसपास, लोखंडाचं उणे ०.४४. तिथे लोखंड हा तक्त्यात मागचा धातू, आणि तिथे तोच पुढे घुसून निकेलला अडवतो. जस्तासोबत आला की तेच लोखंड अडवलं जातं. म्हणजे घुसखोरी हा लोखंडाचा किंवा जस्ताचा अंगभूत स्वभाव नव्हे. जोडीत जो तक्त्यात मागे, तो पुढच्याचा पृष्ठभाग आधी बळकावतो.

बळकावतो कसा, याचं दुसरं उत्तर इथून निघतं. लोहगटाचे तिन्ही धातू बसायला मंद आहेत. द्रावणातला आयन पाण्याचे रेणू झटकतो, इलेक्ट्रॉन घेतो, स्फटिकात जागा धरतो, या साखळीत त्यांची एखादी पायरी रखडते. त्या रखडण्यावर मात करायला विभव बरंच खाली न्यावं लागतं, आणि तेवढं खाली नेईतो जस्ताची हद्द जवळ आलेली असते. जस्त तुलनेने चटकन बसतं. त्यात भर म्हणजे जस्ताचा पहिला, एका अणूच्या जाडीचा थर लोखंडावर बसायला स्वतःच्या नेहमीच्या विभवाचीही वाट बघत नाही. लोखंडाशी त्याचं बंधन जस्ताशी असलेल्या बंधनापेक्षा घट्ट असल्यामुळे तो थोडा आधीच येऊन बसतो. निकोल आणि फिलिप यांनी १९७६ मध्ये विपरीत सहनिक्षेपणाचा धागा या आगाऊ थराशी जोडला. गर्दीच्या लोकलमध्ये दारात ठाण मांडलेला प्रवासी डब्यात जागा असूनही मागच्याला चढू देत नाही, तसा हा थर. लोखंडाचा आयन पोचतो, पण ज्या जागेवर तो सहज बसला असता ती जस्ताने झाकलेली असते, आणि जस्तावर बसायला त्याला आणखी जड जातं. हाच थर हायड्रोजनलाही अडवतो, कारण जस्तावर हायड्रोजन सुटायला लोखंडापेक्षा फार जास्त जोर लागतो.

मी या दुसऱ्या उत्तराकडे झुकलेला आहे, हे वाचकाला पुढच्या प्रकरणांत दिसेलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. पहिलं उत्तर चूक नाही. भरपूर हायड्रोजन सुटणाऱ्या बाथमध्ये पडदा बनतो आणि काम करतो. पण तो कारणांपैकी एक आहे. मूळ गोष्ट वेगाची आहे. विभवाचा तक्ता तयार झाला तो समतोलात, म्हणजे जिथे निव्वळ काहीच घडत नाही अशा स्थितीत. प्लेटिंगची टाकी ही समतोलापासून मुद्दाम लांब नेलेली जागा. तक्त्याला तिच्याविषयी विचारायचं तर दिशा विचारावी, वेग विचारू नये.

वेगाची ही गोष्ट डोळ्यांनी बघायची असेल तर हल सेलसारखं साधन नाही. १९३९ साली पेटंट झालेला हा तिरप्या भिंतीचा छोटा डबा आपल्याकडच्या प्रत्येक बऱ्या प्लेटिंग शॉपमध्ये असतो, बहुधा कोपऱ्यात, बहुधा डागाळलेला. २६७ मिलिलिटर हे विचित्र माप का, तर त्यात दोन ग्रॅम रसायन घातलं की अमेरिकी गॅलनला एक औंस घातल्यासारखं होतं, हिशेब सोपा. कॅथोडचा पत्रा ॲनोडला तिरपा बसतो, त्यामुळे एकाच पत्र्यावर करंटची घनता सरकत जाते. दोन अँपिअरवर जवळच्या टोकापासून एक सेंटीमीटर अंतरावर चौरस डेसिमीटरला साधारण दहा अँपिअर, आठव्या सेंटीमीटरवर पाऊणसुद्धा नाही. एका पत्र्यात टाकीचा सगळा स्वभाव.

नेहमीच्या कामाला स्टीलचा पत्रा वापरतात. जस्त-लोखंडाच्या अभ्यासाला तो चालत नाही, कारण थर विरघळवताना खालचं लोखंडही उतरतं आणि आकडा खोटा येतो. तांब्याचा पत्रा घ्या. प्लेटिंग झाल्यावर तो उभ्या पट्ट्यांत कापा, प्रत्येक पट्टी वजन करून पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये टाका, थर सुटला की पट्टी धुऊन पुन्हा वजन करा. द्रावणातलं लोखंड फेरस अवस्थेत आणून फेनँथ्रोलिन घातलं की नारिंगी-तांबडा रंग येतो. रंग जितका गडद, तितकं लोखंड जास्त. तो ५१० नॅनोमीटरवर मोजायचा. एक खुबी : फेनँथ्रोलिन जस्तालाही धरतं, आणि इथे जस्त ढिगाने असतं, म्हणून ते सढळ हाताने घालावं, नाहीतर लोखंडाच्या वाट्याला उरत नाही आणि रंग फिका पडतो.

अशा पट्ट्यांचे आकडे ओळीने मांडले तर लोहयुक्त ॲसिड बाथमध्ये एक वळणदार रेघ मिळते. फार कमी करंटला, जिथे विभव जस्ताच्या हद्दीपर्यंत उतरलेलंच नाही, तिथे लोखंडाचा वाटा मोठा. तक्ता बरोबर ठरतो ती एवढीच पट्टी. एका ठरावीक घनतेपुढे जस्त शिरतं आणि लोखंड एकदम कोसळतं. पुढे करंट वाढवत गेलं की जस्ताचे आयन पृष्ठभागापर्यंत पोचण्याचा वेग अपुरा पडू लागतो, आणि लोखंड पुन्हा हळूहळू वर चढतं. नको असलेलं लोखंड ॲसिड झिंकच्या मालात कडांनाच का दिसतं, याचं उत्तर या रेघेच्या उजव्या टोकाला आहे. कडांवर करंट एकवटतो. तापमान वाढवलं तर ही सगळी रेघ साधारणपणे लोखंडाच्या बाजूने सरकते, कारण उष्णतेने मंद माणसाचा फायदा जास्त होतो. म्हणून जस्त-लोखंडाच्या टाकीला चांगला थर्मोस्टॅट आणि चिलर हवा; उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगळा माल निघतो अशी तक्रार मी ज्या शॉपमध्ये ऐकली, तिथे तापमानाची नोंदवही कोरीच होती.

इतका खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारेल. जस्त स्वतः स्टीलला वाचवतं ते आपण झिजून. मिठाच्या पाण्यात त्याचं विभव स्टीलपेक्षा बरंच खाली असतं, म्हणून गंजायची पाळी आधी त्याची. पण ही दरी मोठी असली की जस्त घाईने संपतं. थोडं लोखंड मिसळलं की थराचं विभव स्टीलच्या थोडं जवळ सरकतं. वाचवणं चालू राहतं, उधळपट्टी कमी होते. मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न पैशांचा झाला. उत्तर अमेरिका आणि युरोपच्या थंड भागांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि गाड्यांचे पत्रे काही वर्षांत खालून कुजत. १९८० च्या दशकात जपानी पोलाद कंपन्यांनी जस्त-लोखंडाचं विलेपन केलेले पत्रे मोटारींसाठी बाजारात आणले; त्यांत लोखंड साधारण १५ ते २५ टक्के. रंग त्यांच्यावर चांगला धरतो आणि वेल्डिंगही साध्या जस्तापेक्षा सुखाने होतं. वितळलेल्या जस्तात बुडवून नंतर भाजलेला गॅल्व्हनील पत्रा हा यांचा चुलतभाऊ, त्याच्यात लोखंड दहा टक्क्यांच्या आसपास. पण तिथे लोखंड खालच्या पत्र्यातून उष्णतेने वर चढतं आणि समतोलाच्या जवळचे ठरावीक जस्त-लोह संयुगांचे थर बनतात. विजेने बसवलेल्या थराला ही शिस्त नसते. जस्ताच्या षट्कोनी स्फटिकात साध्या तापमानाला जवळजवळ न मावणारं लोखंड वीज तिथे कोंबून ठेवते आणि स्फटिक थोडा मुडपतो.

पुणे, चाकण, वाळूज, नाशिक इथल्या जॉबवर्कवाल्यांना १५ टक्क्यांचं लोखंड क्वचितच लागतं. त्यांच्या टाकीत असतो तो कॉस्टिकचा बाथ, आणि थरात लोखंड एक टक्क्याच्याही आत. हे एवढंसं लोखंड मुख्यतः पॅसिव्हेशनसाठी. त्याच्यामुळे काळा रंग चांदीच्या क्षाराशिवाय चढतो, एकसारखा चढतो, आणि मिठाच्या फवाऱ्यात थर साध्या झिंकपेक्षा जास्त तास टिकतो. युरोपने २००० सालच्या वापरोत्तर वाहनांच्या निर्देशानंतर सहा संयुजेच्या क्रोमियमला हळूहळू हद्दपार केलं, तेव्हा निर्यातीच्या मालाला तीन संयुजेच्या क्रोमियमचं पॅसिव्हेशन शोधावं लागलं, आणि त्या धांदलीत मिश्रधातूंच्या टाक्यांना बरे दिवस आले. त्यातही ग्राहक आज निकेलकडे जास्त वळतात. जस्त-निकेल इंजिनाजवळच्या गरम भागात खरोखर सरस आहे, हे मान्य. पण प्रत्येक क्लिप आणि प्रत्येक ब्रॅकेट काही इंजिनाला टेकत नाही. निकेल महाग, त्याने कामगारांच्या हातांना खाज सुटते, त्याचं सांडपाणी निस्तरणं कठीण. ड्रॉइंगवर सवयीने जस्त-निकेल लिहिणाऱ्या डिझायनरांनी निदान सहावं प्रकरण वाचावं, ही विनंती.

कॉस्टिकच्या टाकीत हायड्रॉक्साईडच्या पडद्याची गोष्ट कशी लावायची, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला आत्ताच पडला असेल. तिथे पीएच आधीच इतका वर की जस्त झिंकेट होऊन विरघळलेलंच असतं. साका धरण्याचा प्रश्न येत नाही. लोखंड मात्र मोकळं राहू शकत नाही, क्षणात तळाशी बसेल, म्हणून त्याला ग्लुकोनेट किंवा ट्रायइथॅनॉलअमाईनसारख्या रसायनाच्या मिठीत ठेवावं लागतं. ती मिठी किती घट्ट, यावर थरातलं लोखंड ठरतं. शिवाय जस्ताचे ॲनोड टाकीत लटकवून ठेवणं इथे धोक्याचं : करंट बंद असताना तक्ता पुन्हा खरा होऊ पाहतो, जस्त विरघळतं आणि द्रावणातलं लोखंड ॲनोडवर जाऊन बसायची वाट शोधतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी टाकीत स्टीलचे ॲनोड असतात आणि जस्त वेगळ्या टाकीत, स्टीलच्या जाळीत ठेवून विरघळवलं जातं. करंट चालू असतानाची टाकी आणि बंद असतानाची टाकी ही दोन वेगळी रसायनशास्त्रं आहेत.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. गणित तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणांत कोंबलं आहे. शॉपमधल्या वाचकाने ती खुशाल ओलांडावीत, पुढचं अडणार नाही. हायड्रोजनमुळे कडक बोल्ट ठिसूळ होण्याचं प्रकरण छोटं आहे पण वगळू नये. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास भाजून घेण्याचा नियम कागदावर सगळीकडे लिहिलेला असतो, ओव्हन मात्र बऱ्याचदा दुसऱ्या कामात गुंतलेला असतो. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्थेसारखं स्थळ आपल्या देशात १९५३ पासून चालू असताना मिश्रधातूंच्या विलेपनावरचं मराठी लिखाण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच असावं, याचं मला नवल वाटतं, आणि हे पुस्तक लिहिण्यामागे ते एक कारण आहेच.

पारिभाषिक शब्दांत मी शॉपच्या बाजूने आहे. धनाग्र-ऋणाग्रऐवजी ॲनोड-कॅथोड, विद्युतघटऐवजी टाकी, विलेपनऐवजी बहुतेक जागी प्लेटिंग. सगळी प्रमाणं ग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत आणि करंटची घनता अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरमध्ये. विभवं सर्वत्र प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या सापेक्ष दिली आहेत. ज्यांच्या प्रयोगशाळेत संपृक्त कॅलोमेल आहे त्यांनी प्रत्येक आकड्यातून ०.२४ व्होल्ट वजा करावेत, आणि संपृक्त पोटॅशियम क्लोराईडमधलं सिल्व्हर क्लोराईड असेल तर ०.२० व्होल्ट. म्हणजे कॅलोमेलवर जस्त उणे एक व्होल्टला दिसेल आणि लोखंड उणे ०.६८ ला. पुस्तकातले आलेख आपल्या मीटरशी जुळत नाहीत असं वाटलं तर आधी हे तपासावं, मग संदर्भ इलेक्ट्रोडमधलं द्रावण सुकलं आहे का ते पाहावं.